केमोल्ड प्रेस्कॉट रोड

केमोल्ड प्रेस्कॉट रोड (पूर्वीचे नाव: गॅलरी केमोल्ड) हे मुंबईतील समकालीन कलेचे खासगी कलादालन आहे. केकू गांधी आणि खोर्शेद गांधी या पारशी दांपत्याने १९६३ मध्ये त्याची स्थापना केली. पहिली ४४ वर्षे ते काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर होते. २००७ मध्ये ते फोर्ट भागातील प्रेस्कॉट रोडवरील क्वीन्स मॅन्शन या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवण्यात आले आणि तेव्हापासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते. १९८८ पासून संस्थापकांची कन्या शिरीन गांधी कलादालनाचे संचालन करतात.

भारतातील आजही कार्यरत असलेल्या जुन्या खासगी कलादालनांमध्ये केमोल्डची गणना होते. भूपेन खक्कर, तय्यब मेहता, नलिनी मलानी, विवान सुंदरम, अतुल दोडिया, जितीश कल्लाट आदी कलावंतांच्या वाटचालीशी या दालनाचा निकटचा संबंध आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचे १९७५ मधील प्रदर्शनही याच दालनात भरले होते. मुंबईत आधुनिक कलेचे सरकारी संग्रहालय १९९६ पर्यंत नव्हते. त्यामुळे नव्या कलावंतांची निवड करणे, त्यांची कला लोकांसमोर मांडणे आणि तिची नोंद ठेवणे ही संग्रहालयाची कामे या शहरात दीर्घकाळ काही मोजक्या खासगी कलादालनांनी केली. केमोल्डचा इतिहास या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मुंबईत चित्रकलेचे औपचारिक शिक्षण १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कला महाविद्यालयात मिळत असे, तर १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शने भरवत असे. या प्रदर्शनांमध्ये व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे आणि वास्तववादी शैलीतील प्रसंगचित्रे यांना मान होता. चित्रकाराचे उत्पन्न मुख्यतः संस्थानिक, धनिक आणि सरकारी अधिकारी यांच्याकडून मिळणाऱ्या व्यक्तिचित्रांच्या मागणीवर अवलंबून असे. एखाद्या चित्रकाराची निवड करून त्याची नवी कामे नियमितपणे दाखवणारे आणि विकणारे कायमस्वरूपी दालन शहरात नव्हते.

१९३० च्या दशकात नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेल्या काही व्यक्ती मुंबईत स्थायिक झाल्या. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे कला-संचालक होते. रुडॉल्फ फॉन लायडेन हे त्याच वृत्तपत्रात कलासमीक्षा लिहीत आणि व्यंगचित्रे काढत. व्हिएन्नाहून आलेले उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर हे चित्रांचे संग्राहक होते. युरोपातील आधुनिक कला प्रत्यक्ष पाहिलेल्या या तिघांनी मुंबईतील तरुण चित्रकारांना मार्गदर्शन, समीक्षा आणि खरेदी अशा तीन प्रकारे आधार दिला.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. मूळचे गोव्यातील फ्रान्सिस न्यूटन सूझा, तसेच कृष्णाजी आरा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे सहा संस्थापक सदस्य होते. ग्रुपचे पहिले प्रदर्शन १९४९ मध्ये भरले. त्यांच्या चित्रांबद्दल चर्चा पुष्कळ झाली. मात्र ग्राहक फार थोडे होते.

चौकटींचा व्यवसाय

केकू गांधी (१९२०–२०१२) हे शिक्षणासाठी केंब्रिज येथे गेले होते. १९३९ मध्ये ते मुंबईस आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे परत जाणे होऊ शकले नाही. १९४१ मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटींसाठी लागणाऱ्या नक्षीपट्ट्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. त्याचे नाव ‘केमिकल मोल्डिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असे होते. ‘केमिकल’ आणि ‘मोल्डिंग’ या दोन शब्दांच्या संक्षेपातून ‘केमोल्ड’ हे नाव रूढ झाले.

या कंपनीचे विक्रीदालन प्रिन्सेस स्ट्रीटवर (आताचा शामळदास गांधी मार्ग) होते. चौकटी रिकाम्या ठेवण्यापेक्षा त्यांत चित्रे लावून दाखवणे व्यवसायाच्या दृष्टीने सोयीचे होते. त्यामुळे आरा, हुसेन, कृष्ण हेब्बर अशा चित्रकारांची चित्रे दुकानाच्या दर्शनी खिडकीत दिसू लागली. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य मुंबईकराला आधुनिक चित्रे कोणत्याही निमंत्रणाशिवाय पाहता येण्याची ही एक दुर्मीळ जागा होती. चित्र विकले जावे हा दुकानाचा मूळ उद्देश नव्हता. परंतु चौकटीसाठी आलेला ग्राहक अधूनमधून चित्रही विकत घेई. लँगहॅमर, लायडेन आणि श्लेसिंगर यांच्याशी केकू गांधी यांचा परिचय वाढला आणि चौकटविक्रेता हळूहळू चित्रकारांचा मध्यस्थ व हितचिंतक बनला.

चौकटींच्या व्यवसायातून कलादालनाकडे जाण्याचा हा मार्ग केवळ केमोल्डपुरता मर्यादित नव्हता. मुंबईतील पंडोल कलादालनाचे संस्थापक काली पंडोल हेही चौकटींच्या व्यवसायातून या क्षेत्रात आले आणि त्यांचे दालनही १९६३ मध्येच सुरू झाले. चौकट बनवणाऱ्याकडे चित्रकार आणि संग्राहक हे दोघेही येत असल्याने त्यांची गाठ घालून देणे त्याला शक्य होत असे.

जहांगीर कलादालन आणि खासगी दालनाची गरज

१९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन सुरू झाले. शहराला स्वतंत्र प्रदर्शनगृह मिळावे यासाठी प्रयत्न करणाऱ्यांमध्ये केकू गांधी यांचाही सहभाग होता. या दालनामुळे चित्रकारांची जागेची अडचण बरीच दूर झाली. मात्र जहांगीरची रचना भाडेतत्त्वावरील सभागृहासारखी होती. चित्रकाराने अर्ज करून ठरावीक दिवसांसाठी जागा घ्यावी, प्रदर्शन स्वतः मांडावे, निमंत्रणे स्वतः पाठवावीत आणि मुदत संपताच चित्रे उतरवावीत, अशी पद्धत होती. प्रदर्शन संपल्यानंतर त्या चित्रांचे पुढे काय होते, याच्याशी सभागृहाचा संबंध राहत नसे.

खासगी दालनाचे काम नेमके येथे सुरू होते. असे दालन निवडक कलावंतांशी दीर्घकाळचा संबंध ठेवते. कलावंत आपली कामे दालनाकडे विक्रीसाठी सोपवतो. विक्री झाली तर दालनाला त्यातील ठरलेला हिस्सा मिळतो. न झाल्यास काम कलावंताला परत जाते किंवा दालनात राहते. प्रदर्शनाचा खर्च, निमंत्रणपत्रिका, पुस्तिका, छायाचित्रण आणि समीक्षकांशी संपर्क ही जबाबदारी दालन घेते. कोणती चित्रे कोणी घेतली याची नोंद ठेवली जाते. पुढे एखाद्या चित्राची सत्यता किंवा मालकी तपासायची झाल्यास हीच नोंद उपयोगी पडते.

दिल्लीत धूमीमल (१९३६) आणि कुमार (१९५५) ही खासगी दालने यापूर्वी सुरू झाली होती. मुंबईत चित्रकार बाळ छाबडा यांनी १९५९ मध्ये भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ‘गॅलरी ५९’ सुरू केली. पण ती फार काळ टिकली नाही. केवळ चित्रविक्रीच्या उत्पन्नावर दालन चालवणे त्या काळात कठीण होते. केमोल्डला चौकटींच्या व्यवसायाचा आर्थिक आधार होता आणि तो त्याच्या दीर्घायुष्यास कारणीभूत ठरला.

स्थापना आणि पहिली २५ वर्षे (१९६३–१९८८)

१९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावरील छोट्या जागेत गॅलरी केमोल्ड सुरू झाली. खाली भाडेतत्त्वावर चालणारे सार्वजनिक सभागृह आणि वर निवड करून प्रदर्शने भरवणारे खासगी दालन, अशी ही रचना होती. १९६४ मध्ये याच इमारतीत ‘समोवार’ हे उपाहारगृह सुरू झाले. चित्रकार, कवी, पत्रकार आणि विद्यार्थी यांची तेथे सतत ये-जा असे. प्रदर्शन पाहणे आणि त्यावर चर्चा करणे या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली होऊ लागल्या.

दालनाच्या दैनंदिन कामकाजात खोर्शेद गांधी यांचा वाटा मोठा होता. केकू गांधी यांचा वेळ चौकटींच्या कारखान्यात आणि अनेक सार्वजनिक कामांत जात असताना कलावंतांशी संपर्क, प्रदर्शनांची आखणी आणि विक्रीचे व्यवहार त्या पाहत असत. त्यामुळे केमोल्डच्या स्थापनेचे श्रेय दोघांना समान दिले जाते.

या काळात हुसेन, रझा, तय्यब मेहता यांसारख्या आधीच्या पिढीतील चित्रकारांबरोबर केमोल्डने नव्या वाटा शोधणाऱ्या कलावंतांनाही स्थान दिले. बडोद्यात राहणारे भूपेन खक्कर व्यवसायाने हिशेब तपासनीस होते. देवादिकांची बाजारू छापील चित्रे, दुकानांच्या पाट्या, न्हावी, घड्याळजी आणि निम्नमध्यमवर्गीय माणसांचे जग त्यांच्या चित्रांत आले. अभिजात अभिरुचीला हे विषय त्या काळी चमत्कारिक वाटत. खक्कर यांचे १९८१ मधील ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतले. कवी, नाटककार आणि डॉक्टर असलेले चित्रकार गीव्ह पटेल, तसेच नलिनी मलानी आणि विवान सुंदरम यांचेही केमोल्डशी दीर्घकाळचे संबंध राहिले.

वारली चित्रांचे प्रदर्शन (१९७५)

महाराष्ट्राच्या कला-इतिहासात केमोल्डचे १९७५ मधील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांचे प्रदर्शन विशेष उल्लेखनीय मानले जाते. म्हसे हे डहाणू तालुक्यातील गंजाड येथील रहिवासी होते. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वारली समाजात लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची परंपरा आहे आणि हे काम सुवासिनी करत असत. म्हसे यांनी पुरुष असूनही ही कला आत्मसात केली आणि लग्नविधीच्या चौकटीबाहेर जाऊन शेती, मासेमारी, तारपा नृत्य व लोककथा असे विषय रंगवले.

चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हस्तकला विकासाच्या सरकारी कामानिमित्त डहाणू परिसरात फिरताना म्हसे यांची चित्रे पाहिली. बिहारमधील मिथिला प्रदेशातील भित्तिचित्रे कागदावर आणण्याच्या कामातही कुलकर्णी यांचा पूर्वी सहभाग होता. त्यांच्या प्रयत्नांतून म्हसे यांची चित्रे केमोल्डमध्ये प्रदर्शित झाली. पुढील वर्षी म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला.

या प्रदर्शनाचे महत्त्व त्याच्या स्थानामुळे वाढते. आदिवासी चित्रे तोपर्यंत प्रामुख्याने मानववंशशास्त्रीय संग्रहालयात किंवा हस्तकलेच्या विक्रीकेंद्रात आढळत आणि तेथे ती सहसा निनावी असत. समकालीन कलेच्या दालनात मात्र ती एका विशिष्ट चित्रकाराच्या नावाने लागली. मुंबईतील चित्रकाराला जे स्थान मिळत असे, तेच म्हसे यांना मिळाले. दुसरीकडे, भिंतीवर लिहून काळाच्या ओघात पुसले जाणारे विधिचित्र कागदावर उतरून विक्रीची वस्तू झाले. आदिवासी कलेच्या अभ्यासात या स्थित्यंतराच्या दोन्ही बाजूंची चर्चा आजही होते.

दुसरी पिढी आणि १९९० चे दशक

१९८८ मध्ये शिरीन गांधी यांनी दालनाची सूत्रे हाती घेतली. १९८९ मध्ये अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन केमोल्डमध्ये भरले. दोडिया हे जे. जे. कला महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. मध्यमवर्गीय घर, चित्रपट, महात्मा गांधी आणि पाश्चात्त्य कला-इतिहास यांचे संदर्भ त्यांच्या चित्रांत एकत्र येतात. दुकानाच्या लोखंडी शटरवर रंगवलेली त्यांची चित्रमालिका २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील प्रदर्शनात दाखवण्यात आली. जितीश कल्लाट यांचे ‘पी. टी. ओ.’ हे पहिले एकल प्रदर्शन १९९७ मध्ये केमोल्ड आणि पृथ्वी या दोन दालनांत भरले. अंजू दोडिया, रीना सैनी कल्लाट, शिल्पा गुप्ता, पुष्पमाला एन. आणि मिठू सेन यांची कामेही या दालनाने दाखवली.

१९९० च्या दशकात भारतीय कलावंत रंग आणि कॅनव्हास यांच्या पलीकडे जाऊन मांडणशिल्प, छायाचित्र, चलत्‌चित्र आणि सादरीकरण या माध्यमांकडे वळले. अशी कामे घराच्या भिंतीवर टांगता येत नाहीत, म्हणून त्यांना ग्राहक मिळणे अवघड असते. या संदर्भात केमोल्डमधील दोन प्रदर्शने उल्लेखनीय आहेत.

१९९२ मध्ये नलिनी मलानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या कामात दालनाच्या भिंतींवर थेट चित्रे काढली. प्रदर्शनाची १५ दिवसांची मुदत संपल्यावर ती पुसून टाकण्यात आली. राजस्थानातील नाथद्वारा येथील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांची होत असलेली उपेक्षा हा या कामामागील एक संदर्भ होता. पुसले जाणारे चित्र विकता येत नसल्याने दालनाला या प्रदर्शनातून त्या चित्रांच्या विक्रीचे उत्पन्न मिळणे शक्यच नव्हते.

दुसरे प्रदर्शन रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांचे ‘होम/नेशन’ (१९९६) होय. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबईत दंगली झाल्या. या घटनांनंतर हुसेन यांच्या कामाची दिशा बदलली. छायाचित्रे, घरगुती वस्तू आणि मजकूर यांच्या मांडणीतून त्यांनी मुस्लिम स्त्री आणि नागरिक म्हणून आपल्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. दंगलींनंतर केकू गांधी हेही शहरात सलोखा प्रस्थापित करण्याच्या नागरिकांच्या प्रयत्नांत सहभागी झाले होते.

बाजारपेठेतील बदल आणि स्थलांतर

आर्थिक उदारीकरणानंतर भारतीय कलेच्या बाजारपेठेचे स्वरूप झपाट्याने बदलले. २००२ मध्ये तय्यब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ हे चित्र न्यूयॉर्कमधील लिलावात ३ लाख १७ हजार ५०० डॉलरना विकले गेले. २००५ मध्ये त्यांच्याच ‘महिषासुर’ या चित्राला सुमारे १५ लाख ८० हजार डॉलर मिळाले. या आकड्यांमुळे चित्रांकडे गुंतवणूक म्हणून पाहणारा नवा वर्ग तयार झाला.

लिलाव आणि कलादालन यांच्या व्यवहारात मूलभूत फरक आहे. कलादालनातून चित्र प्रथमच विकले जाते आणि त्या रकमेचा मोठा भाग कलावंताला मिळतो. लिलावात सहसा पूर्वी विकल्या गेलेल्या चित्राची फेरविक्री होते आणि त्यातील नफा विकणाऱ्या संग्राहकाकडे जातो. अनेक वर्षे अल्प किमतीत विकली गेलेली चित्रे पुढे विक्रमी दराने विकली गेली, तरी त्या वाढीचा लाभ चित्रकाराला किंवा सुरुवातीला त्याला आधार देणाऱ्या दालनाला मिळतोच असे नाही.

याच काळात मांडणशिल्पांसाठी आणि मोठ्या आकाराच्या कामांसाठी जहांगीरमधील जागा अपुरी पडू लागली. २००७ मध्ये दालन क्वीन्स मॅन्शनमधील प्रशस्त, उंच छताच्या जागेत गेले. जागा बदलल्याने प्रेक्षकवर्गही काहीसा बदलला. जहांगीरमध्ये खालची प्रदर्शने पाहून सहज जिना चढून वर येणारे लोक असत. प्रेस्कॉट रोडवरील तिसऱ्या मजल्यावर मात्र ठरवून जावे लागते. प्रदर्शने पूर्वीप्रमाणेच विनामूल्य आणि सर्वांसाठी खुली आहेत.

सार्वजनिक कार्य

ललित कला अकादमी (१९५४) आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (१९५४) या केंद्र सरकारच्या संस्था दिल्लीत सुरू झाल्या. मुंबईत असे संग्रहालय असावे यासाठी केकू गांधी यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. म्हणजे खासगी दालनाच्या संस्थापकानेच सार्वजनिक संग्रहालयाची मागणी लावून धरली होती. २००९ मध्ये केकू गांधी यांना पद्मश्री पुरस्कार प्रदान करण्यात आला. त्यांचे १० नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. २०१३ मध्ये खोर्शेद गांधी यांचे निधन झाले.

अलीकडचा काळ

दालनाला ५० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने कलासमीक्षक गीता कपूर यांनी २०१३–१४ मध्ये ‘एस्थेटिक बाइंड’ या शीर्षकाखाली पाच प्रदर्शनांची मालिका संयोजित केली. मृत्यू, नागरिक म्हणून कलावंताची भूमिका, वस्तुसंग्रह अशा विषयांभोवती या प्रदर्शनांची मांडणी होती. २०२२ मध्ये तरुण कलावंतांसाठी कुलाबा येथे ‘केमोल्ड कोलॅब’ हे स्वतंत्र दालन सुरू झाले. २०२३ मध्ये ६० वर्षांच्या निमित्ताने ‘केमोल्डिंग : फ्रेमिंग फ्यूचर आर्काइव्ह्ज’ हे प्रदर्शन भरवण्यात आले. त्याच्या शीर्षकातील ‘फ्रेमिंग’ या शब्दाला संस्थेच्या मूळ व्यवसायाचा संदर्भ आहे.

गांधी कुटुंबाच्या वांद्रे येथील निवासस्थानावर आणि मुंबईतील आधुनिक कलेच्या वाटचालीवर ‘केकी मंझिल : हाऊस ऑफ आर्ट’ हा माहितीपट तयार झाला आहे. लेखक जेरी पिंटो यांचे ‘सिटिझन गॅलरी’ हे इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केमोल्डचा आणि गांधी दांपत्याचा इतिहास आहे.

महत्त्व आणि मर्यादा

केमोल्डच्या इतिहासातून खासगी कलादालनाच्या कार्याची व्याप्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. ज्या काळात ग्राहक नव्हते आणि संग्रहालय नव्हते, त्या काळात या दालनाने अप्रसिद्ध कलावंतांची कामे जाहीरपणे मांडली. म्हसे यांची चित्रे, मलानी यांची पुसली जाणारी भित्तिचित्रे किंवा रुमाना हुसेन यांची मांडणी यांचे मोल केवळ विक्रीवरून ठरवता येत नाही.

तथापि, कोणाची कला दाखवायची हा निर्णय खासगी दालनात थोड्या व्यक्तींच्या हाती असतो आणि त्यासाठी ते जनतेला उत्तरदायी नसते. विकले गेलेले चित्र खासगी घरात गेल्यावर ते अभ्यासकांना आणि सामान्य प्रेक्षकांना पुन्हा पाहायला मिळेलच याची शाश्वती नसते. सार्वजनिक संग्रहालयाने वेळीच खरेदी केली नाही, तर एखाद्या काळातील महत्त्वाच्या कामांचा पुरावा म्हणून केवळ निमंत्रणपत्रिका, प्रदर्शन-पुस्तिका आणि छायाचित्रे उरतात. त्यामुळे केमोल्डसारख्या जुन्या दालनांचे दप्तर हे महाराष्ट्रातील आणि भारतातील आधुनिक कलेच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते.